117 व्होल्टचा जपानी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (तेइस्को चेकमेट) कोल्हापुरात चालू करायचाय, सुरुवात कुठून करू?

राजारामपुरी_रिदम

नमस्कार मंडळी. तेइस्कोचा चेकमेट मालिकेतला गिटारचा एक व्हॉल्व्ह कॉम्बो (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, स्पीकर त्याच पेटीत) हाती आलाय. अजून प्लग लावलेला नाही. मागची फळी काढून जे दिसलं ते असं:

पाठीमागच्या पट्टीवर 117 व्होल्ट, 60 सायकल (हर्ट्झ). दोन पिनांची चपटी वायर, रबर कडक होऊन तडकलेलं. व्हॉल्व्ह 6बीक्यू5 दोन, 12एएक्स7 तीन, 6सीए4 एक. एका 12एएक्स7 च्या डोक्यावरची चंदेरी झाक पांढरी पडलीय. फिल्टरचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा 20+20+20 मायक्रोफॅरड, 400 व्होल्ट, बुडाशी चिकट डाग. स्पीकर 10 इंची, 8 ओहम, कोन शाबूत. ट्रेमोलो (आवाज लयीत कमी-जास्त करणारा) आहे, रिव्हर्ब (घुमारा) नाही. रेक्झिनवर बुरशी.

विकणाऱ्याने सोबत 110 व्होल्टचा छोटा, हलका कन्व्हर्टर दिलाय. तो लावून थेट चालू करावा का? की ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करून 230 चाच करावा? वस्तू जुनी आहे, मोडतोड नको वाटते. आणि व्हॉल्व्ह इथे मिळतात का?

उद्यमनगरी_वाइंडर

तो हलका कन्व्हर्टर पहिल्यांदा बाजूला ठेवा. हाताला हलका लागतो म्हणजे आत लोखंड नाही. असले कन्व्हर्टर वीज कापून देतात, ते हेअर ड्रायरपुरते ठीक. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरला ती तुटकी लहर दिली की तो गुरगुरतो आणि तापतो. स्टेपडाउन घ्यायचा तर तांबं-लोखंडाचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा, किमान 150 व्हीएचा.

पण तुमचा खरा मुद्दा व्होल्टचा नाही, सायकलचा आहे. जपानात घरगुती वीज 100 व्होल्ट, पण टोकियोकडे 50 सायकल आणि ओसाकाकडे 60. त्यामुळे तिथल्या बाजारासाठी बनलेल्या अ‍ॅम्पवर बहुतेक '100 व्होल्ट 50/60' लिहिलेलं असतं, आणि असा ट्रान्सफॉर्मर आपल्या 50 सायकलवर निवांत चालतो. तुमचा 117 व्होल्ट 60 सायकल म्हणजे अमेरिकेला पाठवायचा माल. तो 50 वर चालवला की कोअरमधला चुंबकीय प्रवाह 20 टक्क्यांनी वाढतो. बनवणाऱ्याने लोखंड सढळ हाताने घातलं असेल तर खपून जातं. निर्यातीच्या स्वस्त मालात सहसा घातलेलं नसतं.

"मग व्होल्टेज कमी करून चालवू" असं कुणी सांगेल. हिशोब बघा: 117 ला 50/60 ने गुणलं की 97.5 व्होल्ट. कोअर खूश, पण व्हॉल्व्हमधला 6.3 चा हीटर (आतली तापणारी तार) 5.25 वर येतो. व्हॉल्व्हला 6.0 ते 6.6 मध्ये ठेवावं, 5.25 वर कॅथोड (हीटरने तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) उपाशी राहतो आणि व्हॉल्व्ह लवकर मरतो.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. सगळे व्हॉल्व्ह काढा. 6सीए4 निघाला की पुढे डीसी जातच नाही, त्यामुळे जुन्या कंडेन्सरवर ताण येत नाही. उद्यमनगरात कुठल्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) असतो. प्रायमरी (वीज आत घेणारं वाइंडिंग) ते चेसिस आणि प्रायमरी ते सेकंडरी (बाहेर देणारं) बघून घ्या. प्रायमरीवरून चेसिसला गेलेला कंडेन्सर त्याआधी एका बाजूने सोडवा, नाहीतर मेगर खोटं बोलेल. एचटीचा (उच्च व्होल्टेजच्या सेकंडरीचा) मधला टॅप चेसिसला असतो, म्हणून सेकंडरीची वेगळी चाचणी टॅप सोडवूनच. 100 मेगओहमच्या वर असेल तर पुढे जा. पावसाळ्यात 5-10 मेगओहम दिसला तर घाबरू नका, ओल आहे. पत्र्याच्या डब्यात 60 वॅटचा बल्ब लावून दोन दिवस शेकवा, परत मोजा.

मग डिमरस्टॅटने (नॉब फिरवून व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर) 90, 100, 110, 117 असं चढवत जा आणि प्रत्येक टप्प्याला प्रायमरीचा करंट लिहा. एवढ्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरला बिनलोड 60 ते 90 मिलिअँप रास्त. जिथून आकडा एकदम उडी मारतो तिथे कोअर भरला. ती उडी 117 च्या आधी आली तर स्टेपडाउनचा विचार सोडा. मात्र डिमरस्टॅट भिंतीतल्या लाइनपासून वेगळं करत नाही, चेसिसला हात लावू नका.

वाल्वबुवा

वाइंडरसाहेबांचं बरोबर, पण त्यांच्या चाचणीच्याही आधी दोन कामं.

एक: दोन पिनांची वायर काढा. आत वायरच्या एका टोकापासून चेसिसला गेलेला 0.02 किंवा 0.05 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असणार, बऱ्याचदा मागच्या ग्राउंड स्विचवर. तो सोडवला असेलच, तर परत लावू नका. तो शॉर्ट झाला आणि प्लग उलटा बसला की गिटारच्या तारांवर थेट वीज येते. तीन कोअरची 0.75 चौरस मिमी वायर घाला. फेज आधी फ्यूजहोल्डरच्या टोकाच्या पिनला, तिथून स्विचला. अर्थिंग चेसिसच्या स्वतंत्र बोल्टला, दातेरी वॉशर घालून, रंग खरवडून. ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूवर नको. आणि स्टेपडाउन वापरणार असाल तर एक गोष्ट हमखास निसटते: बऱ्याच स्टेपडाउनला आउटपुटला दोनच भोकं असतात. म्हणजे तुम्ही घातलेली तिसरी तार हवेतच. भिंतीतल्या अर्थिंगपासून चेसिसपर्यंत मल्टीमीटरने 1 ओहमच्या आत दाखवलं पाहिजे.

दोन: सिरीज बोर्ड करा, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब. साधा तारेचा बल्ब, एलईडी नको. पहिल्यांदा 60 वॅट. स्टेपडाउन असेल तर बल्ब त्याच्या आधी, 230 च्या बाजूला. चालू करताच बल्ब भपकन पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट. व्हॉल्व्ह घातल्यावर 60 च्या बल्बवर व्होल्टेज खूप पडेल, तेव्हा 100 चा लावा.

आता कंडेन्सर. चिकट डाग दिसल्यावर फिल्टरच्या डब्यावर चर्चा नको. "हळूहळू व्होल्टेज चढवून जुना जिवंत करतात" हे एक-दोन वर्षं पडून असलेल्यासाठी. साठ वर्षांच्या मालाचं रसायनच वाळलेलं असतं. 22 मायक्रोफॅरड 450 व्होल्ट 105 डिग्रीचे तीन सुटे घाला. 47 चे मिळाले म्हणून तिन्ही जागी 47 घालायचा मोह होतो. पहिल्या जागी जपून. 6सीए4 ला पहिला कंडेन्सर जास्तीत जास्त 50 मायक्रोफॅरड चालतो, त्यापुढे चालू करताना व्हॉल्व्हमध्ये ठिणगी. शिवाय पहिला मोठा केला की अ‍ॅम्पची दबून वर येणारी चाल जाते. कॅथोडवरचे 25 मायक्रोफॅरडचे सगळे बदला, 50 व्होल्टचे घाला.

कपलिंग कंडेन्सर (सिग्नल पुढच्या व्हॉल्व्हला देऊन डीसी अडवणारे; 0.022, 0.047) जुन्या कागदी जातीचे असतील तर सगळे काढा, 630 व्होल्टचे फिल्मचे घाला. फिल्मचेच असतील तर मोजून ठरवा.

हात घालण्याआधी दर वेळी फिल्टर रिकामा करा: 10 किलोओहम 5 वॅटचा रेझिस्टर, एक टोक चेसिसला मगरक्लिपने, दुसरं कंडेन्सरच्या प्लसला, दहा सेकंद, मग मीटरवर 10 व्होल्टच्या खाली आलंय का बघा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढून नको. एक हात खिशात. आणि स्पीकर किंवा 8 ओहम 50 वॅटचा वायरवाउंड जोडल्याशिवाय सिग्नल देऊ नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

पंचगंगा_60

व्हॉल्व्हचं मी सांगतो. 6बीक्यू5 म्हणजेच ईएल84, 12एएक्स7 म्हणजे ईसीसी83, 6सीए4 म्हणजे ईझेड81. ही तिन्ही नावं आपल्या जुन्या रेडिओवाल्यांना तोंडपाठ. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने हे व्हॉल्व्ह बनवले होते, त्यामुळे जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या खोक्यात बीईएलचे ईएल84 आणि ईसीसी83 अजून सापडतात. विचारताना अमेरिकन नंबर सांगू नका, ईएल84 म्हणा, लगेच हात खोक्यात जाईल. नवे घ्यायचे तर रशियन 6पी14पी हा ईएल84 च्या जागी चालतो, टिकाऊ आहे.

पांढरी झाक पडलेला व्हॉल्व्ह मेला, आत हवा शिरली. तो फेका. बाकीचे जपानी (हिताची, तोशिबा, एनईसी, मात्सुशिताचा नॅशनल) चांगले निघाले तर तेच ठेवा, त्या काळचा माल दर्जेदार आहे. पण ओल्या फडक्याने पुसू नका! छपाई बोटाच्या घामानेसुद्धा निघते, आणि छपाई गेलेला व्हॉल्व्ह विकताना कुणी ओळखत नाही. कोरड्या ब्रशने काचेचा खालचा भाग तेवढा झाडा.

पिना मात्र घासा. होल्डरच्या भोकात काडेपेटीच्या काडीवर आयसोप्रोपिल घेऊन फिरवा, आतल्या पकडी सैल असतील तर सुईने किंचित आत दाबा. 6बीक्यू5 च्या होल्डरवर 7 आणि शेजारच्या पिनेच्या मध्ये काळी रेघ दिसली तर ती जळकी वाट आहे, खरवडून जात नाही. होल्डरच बदला, सिरॅमिकचा घाला.

साल काढायचं असेल तर: तेइस्को 1967 मध्ये कावाईने घेतली. आतल्या भागांवर नुसतं 41 किंवा 42 असा शिक्का दिसला तर तो शोवा सनाचा असू शकतो. त्यात 1925 मिळवा, 41 म्हणजे 1966.

चप्पलओळ_टोन

सगळं बदला, सगळं बदला, मग जुनं काय राहिलं वो त्यात? फिल्टरचा डबा फेकू नगा. तो चेसिसवर दिसतोय, तीच त्याची ओळख. डब्याच्या खालची वळलेली कडा बारीक चिमट्यानं उलगडा, हेअर ड्रायरनं डबा गरम करा, आतला गोळा डांबरासकट वडून काढा. हातमोजे घाला, ते रसायन चांगलं न्हवं. मग 22 चे तीन बारके त्यात बसतात, तळाच्या फायबरच्या चकतीतनं तारा काढून जुन्याच कानांना जोडा, कडा परत वळवा. वरनं बघणाऱ्याला कळतबी न्हाई. काढलेले कागदी कंडेन्सर, जुना ट्रान्सफॉर्मर सगळं पिशवीत घालून कॅबिनेटात ठेवा. पुढं घेणारा त्याचे पैसे देतो.

बुरशीला व्हिनेगर-पाणी निम्मं निम्मं, मऊ ब्रश, मग सावलीत वाळवा. उन्हात ठेवलं की जुनं रेक्झिन आक्रसतंय आन् शिवणीला उलतंय. जाळीच्या कापडाला पाणी लावू नगा, त्याला कागदी पाठ असली तर सुरकुत्या कायमच्या. ब्रशनं व्हॅक्युम करा.

हँडल तुटलंय का ते लिहिलं न्हाई. तुटलं असलं तर प्लास्टिकचं आणू नगा, चप्पल लाइनला जावा. कोल्हापुरीच्या तळाचं झाडपाल्यात कमावलेलं चामडं, 4 मिमी जाड, 25 मिमी रुंद पट्टा कापून दोन पदरी शिवून घ्या. दोन स्क्रूमधलं अंतर मोजून त्याच्यापेक्षा 20 मिमी जास्त लांब, म्हणजे हात आत जातोय. अ‍ॅम्प 12-13 किलोचा असला तरी पट्टा हलत न्हाई.

पॉटात (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरात) डब्ल्यूडी-40 मारू नगा. काँटॅक्ट क्लीनर, दोन थेंब, चाळीस वेळा फिरवा. बदलायचाच झाला तर 500 केए घ्या. जपानी शिक्क्यात ए म्हणजे लॉग, बी म्हणजे सरळ.

राजारामपुरी_रिदम

सगळ्यांचे आभार. मेगरला प्रायमरी ते चेसिस 200 च्या वर. करंट असा: 90 व्होल्टला 58 मिलिअँप, 100 ला 85, 110 ला 170, 117 ला 290. अर्ध्या तासात ट्रान्सफॉर्मरवर हात टिकेना, आणि टेबल घुमतंय. म्हणजे नवा करावा लागणार ना? त्यासाठी वाइंडरला नेमकं काय सांगू?

उद्यमनगरी_वाइंडर

हो, 105 च्या आसपास कोअर भरतोय. जुना उघडू नका, तसाच पिशवीत. नव्याचे आकडे देतो.

हीटरचा भार आधी: ईएल84 चे 0.76 अँप दोन, ईझेड81 चा 1, ईसीसी83 चे 0.3 प्रमाणे तीन. बेरीज 3.42, म्हणून 6.3 व्होल्ट 4 अँपचं वाइंडिंग. ईझेड81 साठी वेगळं हीटर वाइंडिंग लागत नाही, त्याचं कॅथोड-हीटर इन्सुलेशन त्यासाठीच केलेलं आहे. एचटी 250-0-250, 120 मिलिअँप. पण हे आकडे देण्याआधी जुन्याचं बिनलोड सेकंडरी मोजून ताळा घ्या, तुमच्यात 230-0-230 पण असू शकतं.

कोअर ईआय, मधली जीभ 32 मिमी, थप्पी 40 मिमी. व्होल्टला साडेतीन वेढे धरा. प्रायमरी 805 वेढे, 27 गेज. एचटी प्रत्येक बाजूला 920, 33 गेज. हीटर 23 वेढे, 17 गेज, आणि त्याला मधला टॅप काढून घ्या. प्रायमरी आणि एचटीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचा एक वेढा, टोकं एकमेकांवर चढवायची पण मध्ये कागद. टोकं टेकली तर तो शॉर्ट वेढा झाला आणि ट्रान्सफॉर्मर पाच मिनिटांत जळेल. पत्र्याची तार चेसिसला.

वाइंडरला स्पष्ट सांगा की स्टॅबिलायझरच्या हिशोबाने वेढे कमी करू नको. ते व्होल्टला तीनच्या खाली जातात, पैसे वाचतात, पण इथे तो घुमत राहील आणि ती घुमघुम गिटारच्या पिकअपमध्ये शिरेल. वॉर्निश बुडवून भट्टीत वाळवलेलं हवं, ब्रशने वरून फासलेलं नको. आपल्याकडे रात्री उशिरा लाइन 245 पर्यंत चढते, म्हणून प्रायमरीला 230 शिवाय 245 चाही टॅप घ्या, आणखी 52 वेढे.

हा जुन्यापेक्षा मोठा होणार. चेसिसवरची जागा आणि स्पीकरच्या चुंबकापासून अंतर मोजूनच ऑर्डर द्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या कोअरशी काटकोनात बसवा.

राजारामपुरी_रिदम

नवा बसवला, फिल्टर आणि कॅथोडचे कंडेन्सर बदलले, तीन कोअरची वायर झाली. कपलिंग फिल्मचे दिसले म्हणून ठेवलेत. हीटर 6.4. आवाज छान येतो पण वीस मिनिटांनी एका ईएल84 ची प्लेट कडेला लालसर. पिन 7 ला 312 व्होल्ट, कॅथोडला 11.2, कॅथोड रेझिस्टर 130 ओहम दोघांत एक. लाल होणाऱ्याच्या पिन 2 वर +0.9 व्होल्ट, दुसऱ्याच्या पिन 2 वर शून्य. शिवाय बारीक घुंई आवाज आहे, आणि ट्रेमोलो बंदच.

वाल्वबुवा

लगेच बंद करा, प्लेट लाल करून मोजमाप नको.

पिन 2 (ग्रिड) शून्यच पाहिजे. +0.9 येतंय म्हणजे एकतर कपलिंग कंडेन्सर डीसी गळतोय, नाहीतर व्हॉल्व्हच्या ग्रिडमधून करंट निघतोय. दोन्ही ईएल84 ची अदलाबदल करा. व्होल्ट त्याच होल्डरवर राहिले तर कंडेन्सर, व्हॉल्व्हबरोबर गेले तर व्हॉल्व्ह. कंडेन्सर निघाला तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला, जोडी सारखी राहू दे. फिल्मचा "दिसतोय" म्हणून ठेवला, तिथेच मोजायला हवं होतं: ग्रिडकडचा पाय सोडवून त्या पायापासून चेसिसला मीटर, अ‍ॅम्प चालू. काही सेकंदांत शून्याला आला तर चांगला, काही व्होल्टवर अडून राहिला तर गळका. हे करताना ईएल84 काढू नका. दोन्ही काढले की भार जातो आणि फिल्टरवरचं व्होल्टेज चढतं.

आता बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचा करंट. 11.2 भागिले 130, म्हणजे 86 मिलिअँप, एकाला 43. त्यातला पाचेक टक्के स्क्रीनचा (दुसऱ्या जाळीचा) धरला, तर प्लेटचा 41. प्लेट ते कॅथोड 312 वजा 11, म्हणजे 301. गुणाकार 12.3 वॅट. ईएल84 च्या प्लेटची मर्यादा 12. हा हिशोब दोघांची सरासरी धरून आहे. गळती असताना एक 14 ला आणि दुसरा 10 ला असेल. गळती काढल्यावर परत मोजा, आणि 12 च्या आसपास असेल तर 130 काढून 150 ओहम 5 वॅट घाला. साधारण 12 व्होल्ट येतील, म्हणजे एकाला 40, प्लेटचा 38, साडेअकरा वॅट. आवाजात फरक कळणार नाही, व्हॉल्व्ह मात्र टिकतील.

पंचगंगा_60

घुंईसाठी मोबाइलवर कुठलंही स्पेक्ट्रमचं अ‍ॅप घ्या, फोन स्पीकरसमोर धरा. शिखर 100 हर्ट्झवर असेल तर फिल्टरकडचा मामला, किंवा दोन ईएल84 चा करंट असमान. तुमच्या बाबतीत ही गळतीच कारण असू शकते, ती आधी काढा. 50 हर्ट्झवर असेल तर हीटर किंवा ग्राउंड. नव्या ट्रान्सफॉर्मरला हीटरचा मधला टॅप घेतलाय ना? मग जुन्या वायरिंगमध्ये हीटरची एक बाजू चेसिसला जोडलेली असेल ती सोडवा, दोन्ही राहिलं तर निम्मं वाइंडिंग शॉर्ट. टॅप चेसिसला नेण्याऐवजी ईएल84 च्या कॅथोडला, त्या 11 व्होल्टवर जोडा. घुंई आणखी बसते.

ट्रेमोलोचा आधी फूटस्विचचा जॅक बघा. काही अ‍ॅम्पमध्ये प्लग नसताना ट्रेमोलो बंद, काहींत चालू. आतली टीप चेसिसला टेकवून बघा आणि सोडूनही बघा. दोन्हीत बंद असेल तर त्याच्या 12एएक्स7 च्या जागी ताजा ईसीसी83 घाला. थकलेला व्हॉल्व्ह आवाज देईल पण झोका घेणार नाही. तरीही नाही, तर एकामागोमाग एक असलेले 0.01 ते 0.022 चे तीन कंडेन्सर बदला, तिन्ही. आणि प्लेटचा रेझिस्टर मोजा. 220 किलोओहमचा 300 च्या पुढे गेला असेल तर तोही बदला.

चप्पलओळ_टोन

स्पीड नॉब पूर्ण वर करून बघा राव आधी. जुनं ट्रेमोलो हळू गतीवर सुरूच व्हत न्हाई, वर सुरू झालं की मग खाली आणता येतंय.

राजारामपुरी_रिदम

अदलाबदल केली, +0.9 त्याच होल्डरवर राहिले. म्हणजे कंडेन्सर. दोन्ही 0.022 बदलले, आता दोन्ही पिन 2 ला शून्य, कॅथोडला 10.6. एकाला 41, म्हणजे प्लेटचा 39 धरला तर पावणेबारा. अ‍ॅपवर 100 चं शिखर गेलं, 50 चं बारीक आहे, टॅप कॅथोडला नेतो. हीटरची एक बाजू चेसिसलाच होती, सोडवली.

वाल्वबुवा

पावणेबारावर चालेल, पण रात्री लाइन चढली की 12 ओलांडेल. प्रायमरी 245 च्या टॅपवर घ्या आणि हीटर परत मोजा. 6.0 च्या खाली गेला तर 230 वरच ठेवून 150 ओहम घाला.

राजारामपुरी_रिदम

245 वर हीटर संध्याकाळी 6.0 आला, दुपारी 5.9. 230 वर परत आणून 150 घातला. ट्रेमोलो स्पीड वर केल्यावर सुरू झालं.

चप्पलओळ_टोन

सांगितलं न्हवं! आता हँडलचं बघा.